नव्या डेंटिस्टने दीड लाखाची यादी दिली आहे: काय आत्ता करावं, काय थांबवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 38, नोकरीमुळे कोल्हापूरहून पुण्याला आलात. कोल्हापूरचे डॉक्टर दरवर्षी दात साफ करून "सगळं ठीक आहे" म्हणायचे. पुण्यात नव्या दवाखान्यात नुसतं दाखवायला गेलात, तर त्यांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढून कागद हातात दिला. त्यात नऊ फिलिंग (चार जुनी चांदी काढून), 26, 36 आणि 46 या तीन दाढांना रूट कॅनल आणि झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकची) कॅप, पूर्ण तोंडाचं लेझर डीप क्लीनिंग, खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढणे, सहा वर्षांपूर्वी काढलेल्या 47 च्या जागी इम्प्लांट आणि रात्री घालायचा नाइट गार्ड. एकूण 1,54,000 रुपये, आज आगाऊ भरले तर 15 टक्के सूट. दुखत काहीच नाही, फक्त उजवीकडे खाली गार पाणी क्षणभर लागतं. करून घ्यावं का?

यादी आहे तशी स्वीकारू नका आणि आहे तशी फेकूनही देऊ नका. त्या कागदावर सोळा-सतरा वेगवेगळे निर्णय एका बेरजेखाली बांधले आहेत. प्रत्येक दाताचं निदान वेगळं, पुरावा वेगळा, घाई वेगळी. तुम्ही लिहिलंय त्यात आजच्या आज करण्यासारखं एकही काम दिसत नाही, त्यामुळे नीट तपासून घ्यायला दोन-तीन आठवडे आहेत. खाली सगळीकडे मी एकच कसोटी लावली आहे: जे काम परत फिरवता येत नाही त्याला पुरावा जास्त भक्कम हवा. फ्लोराइड लावणं, दात साफ करणं यात अंदाज चुकला तर थोडे पैसे जातात. कॅपसाठी तासलेला, नस काढलेला किंवा उपटलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

घाई कधी असते तेही सांगून ठेवतो. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, झोपेतून उठवणारा ठणका, मार लागून हललेला दात, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. यांतलं काही झालं तर त्याच दिवशी जा. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर त्याच आठवड्यात दाखवा.

दोघांत इतका फरक कसा

लोक पहिला निष्कर्ष काढतात तो असा की कोल्हापूरचे प्रामाणिक आणि पुण्याचे लुबाडणारे. तसं असेलही, पण एवढ्यावरून ठरत नाही. जुन्या डॉक्टरांनी कित्येक वर्षांत एक्स-रे काढलाच नसेल, तर दोन दाढांच्या मधली कीड त्यांना दिसण्याचा मार्गच नव्हता. ती जागा आरशाने दिसत नाही. उलट नव्या दवाखान्यातला कॅमेरा दात पडद्यावर हातभर मोठा करून दाखवतो. त्यात चहाचा डागही भोकासारखा दिसतो आणि प्रत्येक दाढेवर केसासारखी रेघ सापडते. तिसरं कारण म्हणजे उंबरठा. कीड एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरात, असतानाच ड्रिल करायचं की खड्डा पडेपर्यंत थांबायचं, यावर दोन प्रामाणिक डॉक्टरही वेगळं बोलतात. गेल्या काही दशकांत शास्त्र थांबण्याच्या बाजूला सरकलं आहे. बऱ्याच दवाखान्यांची सवय अजून सरकलेली नाही. चौथं कारण पैशाचं: मोठं भाडं, यंत्रांचे हप्ते, साखळी दवाखान्यांत महिन्याचं टार्गेट. चारही कारणं एकाच यादीत मिसळलेली असू शकतात, म्हणून दात सुटे करून पाहायचे.

आधी कागद मागा

त्या दवाखान्याला फोन करून ओपीजीची मूळ फाइल, कॅमेऱ्याचे सगळे फोटो आणि दातनिहाय लेखी प्लॅन मागा. व्हॉट्सॅपवर पडद्याचा फोटो काढून पाठवला तर तो पुरत नाही, बारकावे जातात. मूळ फाइल ईमेलने घ्या. प्लॅनमध्ये प्रत्येक दाताच्या आकड्यासमोर निदान हवं. "46: रूट कॅनल" हे निदान नव्हे, तो उपचार झाला. "46: खोल कीड, नस जिवंत, थंडाला क्षणिक प्रतिसाद" हे निदान. आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला अंक तोंडाचा भाग सांगतो: तुमचा वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. दुसरा अंक मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजलेला. म्हणून 36 म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, 48 म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ.

कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तीच मोठी खूण समजा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत स्वतःचे रेकॉर्ड मिळणं आणि दुसरं मत घेणं, दोन्ही आहे.

आता ओपीजीबद्दल. जबड्याचा आडवा आढावा घ्यायला, अक्कलदाढा, गाठी, हाडाची साधारण उंची बघायला तो उत्तम. पण दोन दातांमधली सुरुवातीची कीड ओळखायला तो कमी पडतो. चित्र थोडं पसरट येतं आणि शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात. त्यावरून नऊ फिलिंग ठरवली असतील तर पाया कच्चा आहे. त्यासाठी बाइटविंग लागतो: दाताखाली पट्टी चावून काढलेला छोटा एक्स-रे, दोन्ही बाजूंचे मिळून दोन ते चार. मुळाच्या टोकाशी काय चाललंय ते पाहायला आयओपीए, म्हणजे त्या एका दाताचा मुळापर्यंतचा एक्स-रे. तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे बाइटविंग आणि तीन दाढांचे तीन आयओपीए एवढं पुरे. किरणांची भीती वाटत असेल तर एका छोट्या डिजिटल एक्स-रेचं प्रमाण निसर्गातून एखाद-दुसऱ्या दिवसात आपोआप मिळतं तेवढंच असतं. उगाच काढू नयेत, पण ड्रिल करण्याआधी एक्स-रे टाळण्यात शहाणपण नाही.

नऊ फिलिंग

यादी सर्वांत जास्त फुगते ती इथे. चार जुनी आणि पाच नवी, असे दोन गट करा.

नव्या पाचांपैकी प्रत्येकासाठी दोन प्रश्न विचारा. पृष्ठभागाला खड्डा पडला आहे का? आणि एक्स-रेमध्ये सावली डेंटिनमध्ये, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थरात, किती आत गेली आहे? दाढेच्या खाचांमधल्या काळ्या-तपकिरी रेघा, कोरड्या, कडक, चकचकीत असतील तर तो बहुधा डाग असतो किंवा केव्हाच थांबलेली कीड. त्या रेघांना हात लावायची गरज नसते. डॉक्टरांची टोकदार काडी खाचेत अडकली म्हणजे कीड, ही जुनी परीक्षा आता भरवशाची मानत नाहीत. जोर दिला तर अरुंद निरोगी खाचेतही ती अडकते आणि नुकत्याच मऊ झालेल्या एनॅमलला त्यानेच खड्डा पडू शकतो. सावली फक्त एनॅमलमध्ये असेल आणि खड्डा नसेल, तर ड्रिल नको. डेंटिनच्या बाहेरच्या थरात असेल तर खड्डा आहे की नाही यावर ठरतं. डेंटिनच्या मध्यापर्यंत गेली असेल तर मात्र भरून घ्या, थांबून नस जवळ आणू नका.

एक्स-रे वाचताना एक चूक नेहमी होते. दाताच्या मानेशी, एनॅमल संपतं तिथे, किरण जास्त आरपार जातात आणि काळा त्रिकोण दिसतो. तो पुष्कळदा कीड म्हणून दाखवला जातो. दुसऱ्या कोनातून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो गायब झाला, तर बहुधा कीड नव्हती.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. एनॅमलमधली कीड प्रौढ माणसात सहसा सावकाश पुढे जाते, आणि थांबवताही येते. टूथपेस्टच्या मागचा मजकूर वाचा. आपल्याकडे पेस्टमधल्या फ्लोराइडला 1000 पीपीएमची कमाल मर्यादा आहे. बऱ्याच आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं घासा, फेस थुंका आणि चूळ भरू नका. आपल्याला खळाळून चूळ भरायची सवय असते आणि सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. दवाखान्यात दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दातांच्या मधल्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश किंवा फ्लॉस. आणि साखर किती खाता यापेक्षा दिवसात किती वेळा खाता ते मोजा. ऑफिसमधला पाच वेळचा गोड चहा दाताला दुपारच्या पुरणपोळीपेक्षा महाग पडतो, कारण प्रत्येक घोटानंतर तोंडातलं आम्ल उतरायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागतो.

आता चार जुनी चांदीची. चांदीच्या भरावाची कड झिजून बारीक चर पडते. फोटोत ती भयंकर दिसते, पण नुसती चर म्हणजे कीड नव्हे. बदलायची खरी कारणं वेगळी: भराव तुटला किंवा हलतो, दाताचा कोपरा तुटला, तिथे रोज अन्न अडकतं, काडीने कडेला मऊ लागतं, किंवा एक्स-रेमध्ये भरावाखाली नवी सावली दिसते. या शेवटच्या कारणातही जपून, कारण भरावाखाली लावलेले काही जुने अस्तर-पदार्थ एक्स-रेमध्ये काळेच दिसतात. कोल्हापूरचा जुना एक्स-रे मिळाला आणि सावली तेव्हाही एवढीच असेल, तर ती बहुधा वाढती कीड नाही.

चांदीच्या भरावात पारा असतो. त्याच्या भीतीने बदलायला सांगितलं असेल, तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की चांगल्या स्थितीतला चांदीचा भराव वैद्यकीय कारण नसेल तर काढू नये. काढताना ड्रिलच्या उष्णतेने पाऱ्याची जी वाफ उठते ती तोंडात शांत बसलेल्या भरावापेक्षा जास्त असते. शिवाय प्रत्येक बदलात थोडा निरोगी दात जातो. भराव मोठा होतो, पुढच्या वेळी आणखी मोठा, मग नस, मग कॅप. पांढरा भराव दिसायला छान, पण लावताना थुंकी किंवा रक्ताचा थेंब लागला तर चिकटतच नाही. मागच्या दाढेत हिरडीखाली जाणाऱ्या खड्ड्यात तो अनेकदा चांदीपेक्षा लवकर फसतो.

तीन रूट कॅनल

दुखत नाही म्हणजे नस ठीक आहे, असं धरून चालू नका. मेलेली नस दुखेलच असं नाही. तसंच कीड खोल आहे म्हणून नस काढायलाच हवी, हेही खरं नाही. मधला मार्ग तपासणीचा आहे आणि ती खुर्चीत दहा मिनिटांत होते.

थंडाची परीक्षा अशी: दात कापसाने कोरडा करायचा, थंड स्प्रे मारलेला कापसाचा बोळा आधी एखाद्या निरोगी दाढेला लावायचा, मग संशयित दाढेला. निरोगी दाढेसारखंच लागलं आणि बोळा काढताच पाच-सात सेकंदांत गेलं, तर नस जिवंत आहे आणि सावरू शकते. अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ कळ रेंगाळली, किंवा आपोआप, रात्री, गरम चहाने ठणका येतो, तर नस परत फिरण्यापलीकडे गेलेली असण्याची शक्यता मोठी. काहीच लागलं नाही, तर नस मेलेली असू शकते, पण वयाने नळ्या आकसलेल्या दाढाही गप्प राहतात. तेव्हा विजेच्या टेस्टरने खात्री करायची. त्यानंतर दात उभा आणि आडवा ठोकून पाहणे, हिरडीवर पुळी आहे का ते बघणे आणि आयओपीए.

तुमच्या 46 ला गार पाणी क्षणभर लागतं. एवढ्यावरून रूट कॅनल सुचवलं असेल तर मी थांबवेन. अशा दाढेत आता कीड दोन पद्धतींनी काढतात. कडेची सगळी साफ करायची, म्हणजे भराव घट्ट बसतो. तळाशी नसेच्या अगदी वरचा मऊसर थर मुद्दाम ठेवायचा आणि वरून हवाबंद करायचं. पोषण तुटलं की खालची कीड थांबते. नस थोडी उघडी पडली तरी एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं औषध ठेवून ती वाचवायचा प्रयत्न करता येतो. काही दाढांना पुढे तरीही रूट कॅनल लागतं, हा धोका आहे आणि तो तुम्हाला आधीच सांगायला हवा. पण नस वाचली तर दाढ बरीच जास्त वर्षं टिकते, आणि फसली तर रूट कॅनलचा रस्ता तसाच उघडा राहतो. उलटा रस्ता मात्र नाही.

36 ची गोष्ट वेगळी असू शकते. तिथे मोठा जुना भराव असू शकतो. आयओपीएमध्ये मुळाच्या टोकाशी काळा गोल दिसला आणि थंडाला काहीच प्रतिसाद नसेल, तर नवे डॉक्टर बरोबर आहेत. न दुखणारी ती दाढ आत हाड खाते आहे. हे रूट कॅनल मनावर घ्या, महिन्याभरात करून घ्या.

26 ला "क्रॅक" दाखवला असेल. चाळिशीकडे झुकलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या दाढांवर एनॅमलच्या रेघा असतात. खरी भेग ओळखायच्या खुणा अशा: एकेका उंचवट्यावर छोटा ठोकळा ठेवून चावल्यावर दुखतं, विशेषतः चावा सोडताना. आडवा प्रकाश टाकला तर तो भेगेपाशी अडतो, पलीकडचा भाग काळा दिसतो. हिरडीत एकाच ठिकाणी अचानक खोल खिसा लागतो. यांतलं काही नसेल तर फोटो जपून ठेवा आणि वर्षाने पुन्हा पाहा. चावताना दुखत असेल तर उंचवटे झाकणारी ऑनले (अर्धवट कॅप) किंवा पूर्ण कॅप लागेल. नस जिवंत असेल तर रूट कॅनल तेव्हाही आपोआप येत नाही.

कॅपबद्दल. मागच्या दाढेला रूट कॅनल झालं की उंचवटे झाकणारी कॅप सहसा हवीच, नाहीतर दाढ उभी फुटते, आणि मुळापर्यंत फुटलेली दाढ काढावीच लागते. काही आठवड्यांत बसवून घ्या, "पुढच्या दिवाळीत बघू" नको. पण नुसत्या मोठ्या भरावावर संरक्षण म्हणून कॅप सुचवली तर विचारा, कारण पूर्ण कॅपसाठी दिसणाऱ्या दाताचा मोठा भाग, दोन-तृतीयांशाच्या आसपास, तासावा लागतो. अगदी मागच्या दाढेला धातूची किंवा धातूवर सिरॅमिकची कॅपही उत्तम चालते. झिर्कोनिया हाच एकमेव पर्याय असल्यासारखा लिहिला असेल तर दुसरे दरही लिहून मागा. "आजीवन वॉरंटी"चं कार्ड कॅपच्या तुकड्याचं असतं. कॅपच्या कडेखाली पुन्हा कीड लागली तर ते कार्ड दाताला उपयोगी पडत नाही.

रूट कॅनल करून घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी आधीच विचारा. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा, लावणार का? तो नसेल तर थुंकीतले जंतू नळीत जातात आणि बारीक सुया घशात पडायचा धोका असतो. लांबी मोजायला यंत्र वापरणार का? आणि शेवटचा एक्स-रे मला देणार का? त्यात पांढरा भराव मुळाच्या टोकापर्यंत किंवा टोकाआधी फार तर दोन मिलिमीटरपर्यंत पोचलेला दिसला पाहिजे. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी असते आणि ती चुकली की दोन वर्षांनी पुन्हा तेच काम.

हिरड्या

डीप क्लीनिंगचा पुरावा म्हणजे आकडे. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट काडी हिरडीत सहा ठिकाणी घालून प्रत्येक दाताचे खिसे मोजतात. तीनपर्यंत निरोगी, चार-पाच मध्यम, सहा आणि पुढे खोल. सोबत कुठे रक्त येतं ते लिहितात आणि एक्स-रेमध्ये हाड किती उतरलंय ते पाहतात. तुमच्या खुर्चीतल्या वेळात कुणी आकडे मोठ्याने सांगत होतं आणि दुसरं कुणी लिहीत होतं का? नसेल तर हे निदान झालेलंच नाही. सगळीकडे तीनच्या आत असेल तर साधं स्केलिंग पुरे. ठरावीक ठिकाणी चार-पाच किंवा त्याहून जास्त असेल तर बधिर करून तेवढ्या भागाची मुळं साफ करायची, पूर्ण तोंडाची नव्हे. लेझर जोडल्याने हातांनी किंवा अल्ट्रासॉनिकने नीट केलेल्या साफसफाईपेक्षा फार मोठा फरक पडत नाही, म्हणून त्याचे वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून मगच हिरडीच्या शस्त्रक्रियेचा विचार.

साफ केल्याने दात हलतात, ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे. घडतं ते असं: किटणाने दात एकमेकांना चिकटवून धरलेले असतात आणि सूज फटी झाकते. किटण निघालं, सूज उतरली की आधीच झालेलं नुकसान दिसतं. तंबाखू, मिशरी किंवा सिगारेट असेल तर ती आणि मधुमेह असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा), हे दोन सुधारल्याशिवाय हिरड्यांवर घातलेले पैसे टिकत नाहीत.

हे काम यादीत सर्वांत आधी यायला हवं. रक्ताळलेल्या हिरडीशेजारी पांढरा भराव चिकटत नाही आणि कॅपचं मापही चुकतं.

अक्कलदाढा आणि इम्प्लांट एकत्र पाहा

या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. 47 सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागची 48 सरळ उगवलेली असेल आणि पुढे सरकून 47 ची जागा अर्धी-मुर्धी भरत असेल, तर तीच तुमची चावायची दाढ आहे. ती काढून शेजारी इम्प्लांट ठोकणं म्हणजे चालू नळ तोडून नवा बसवणं. ती आडवी असेल, किडलेली असेल, हिरडी पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर काढा. डावीकडची 38 पुढच्या दाढेला तिरकी टेकत असेल तर बाइटविंगमध्ये 37 ची मागची बाजू नीट पाहायला सांगा. तिथे कीड सुरू झाली असेल तर 38 लवकर काढणं योग्य, नाहीतर 37 सुद्धा जाईल. काहीच त्रास नसलेली, आजार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असं ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2000 साली सांगितलं. खालच्या दाढेच्या मुळाशेजारून ओठाची संवेदना वाहणारी नस जाते, हे त्यामागचं एक कारण. ओपीजीमध्ये मुळं त्या नळीवर चढलेली दिसली, तर काढण्यापूर्वी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, आणि ओरल सर्जन, दोन्ही हवेत.

इम्प्लांटची घाई सहसा नसते. सहा वर्षं निघून गेली आहेत. समोरची 17 किती खाली उतरली आहे ते पाहा, चावताना अडचण आहे का ते स्वतःला विचारा. शेवटची एक दाढ नसताना अनेक लोक आयुष्यभर व्यवस्थित जेवतात. बसवायचाच झाला तर हिरड्या निरोगी झाल्यावर, तंबाखू सुटल्यावर, आणि हाडात मुरायला तीन-चार महिने धरून. नाइट गार्डसाठी दात झिजल्याच्या सपाट खुणा, सकाळी जबडा भरून येणे, घरच्यांनी ऐकलेला कराकर आवाज यांपैकी काही हवं. कॅप आणि फिलिंग झाल्यावर माप घ्या, आधी घेतलं तर तो बसणार नाही.

दुसरं मत कसं घ्यायचं

पहिली यादी आणि रक्कम लगेच पुढे करू नका. एक्स-रे द्या, तोंड दाखवा आणि विचारा: "यांतलं काय थांबवलं तर नुकसान होईल, आणि काय वर्षभर नुसतं पाहत राहता येईल?" सगळं बोलून झाल्यावर यादी दाखवा. शक्य असेल तर आधीच सांगा की काम तुमच्याकडे करणार नाही, फक्त मत हवंय आणि त्याची फी देतो. तीन रूट कॅनलचा प्रश्न असल्यामुळे कॉन्झर्वेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात भरणे आणि रूट कॅनल या विषयात, एमडीएस (पदव्युत्तर पदवी) केलेले डॉक्टर निवडा. डेंटल कॉलेजची ओपीडी हा चांगला पर्याय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीला. पुण्यातही खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत. वेळ जातो, पण तिथे एकाच इमारतीत हिरड्यांचे, रूट कॅनलचे आणि सर्जरीचे विभाग भेटतात आणि कुणाला तुमच्या हप्त्यात रस नसतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा असतो, तो फलकावर किंवा चिठ्ठीवर दिसायला हवा.

परदेशातून दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन सगळं उरकून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. साफसफाई, फिलिंग आणि एखाद्या दाढेचं रूट कॅनल-कॅप या मुदतीत बसतं. इम्प्लांट आणि अनेक कॅप बसत नाहीत. चावा उंच लागला किंवा आठव्या दिवशी सूज आली, तर तिकडे कुणी दुसऱ्याच्या कामाला सहज हात लावत नाही.

पुण्याच्या दवाखान्याबद्दल पक्कं मत बनवण्यापूर्वी आणखी दोन-तीन गोष्टी आठवून पाहा. पैशांचं बोलणं डॉक्टर करत होते की प्लॅन समजावणारी वेगळी व्यक्ती? जीभ, गाल, तोंडाचा तळ तपासला का? महाराष्ट्रात तंबाखू-मिशरीचं प्रमाण पाहता हे दोन मिनिटांचं काम न करता थेट झिर्कोनियावर येणारी तपासणी मला अपुरी वाटते. मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणाची औषधं विचारली का? आणि संपूर्ण यादीत "यावर लक्ष ठेवू" असा एकही दात आहे का? आजच्या आज 15 टक्के सूट हे कोणत्याही दाताचं निदान नाही. कीड उद्या दुप्पट होत नाही, म्हणून सूटही उद्या संपायचं कारण नाही.

तुमच्यासाठी क्रम

या आठवड्यात कागद आणि कोल्हापूरचे जुने एक्स-रे. पुढच्या दोन आठवड्यांत दुसरीकडे बाइटविंग, तीन आयओपीए, थंडाची परीक्षा, हिरड्यांचे आकडे. मग साफसफाई. त्यानंतर 36, पुरावा निघाला तर. मग 46 ची कीड नस वाचवून. मग डेंटिनमध्ये खोल गेलेले खड्डे, एका बैठकीत एका बाजूचे, म्हणजे दुसऱ्या बाजूने जेवता येतं. 38 चं काम एक्स-रे सांगेल तसं. पैसे प्रत्येक बैठकीचे त्या बैठकीला द्या, पूर्ण आगाऊ किंवा हप्त्यांच्या कर्जावर नाही. नाहीतर मध्येच डॉक्टर बदलायचे झाले तर अडकाल.

नवे डॉक्टर हे सगळं दाखवायला तयार असतील, चाचण्या करून यादी स्वतःच छोटी करतील, तर त्यांच्याकडेच काम करून घ्यायला हरकत नाही. जे दात थांबवले ते फाइलवर आकड्यासह लिहून घ्या: कोणता दात, कोणती बाजू, आज सावली किती. बारा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा बाइटविंग काढा, दर तीन-सहा महिन्यांनी नवी कीड लागत असेल तर सहा महिन्यांनीच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. सावली तेवढीच असेल तर ड्रिल आणखी एक वर्ष बाजूला ठेवा, वाढली असेल तर त्या एका दाताचं फिलिंग करून घ्या.